उतारावरचं हळदीकुंकू

नोव्हेंबर लागला की मिनिआपोलिसमधल्या हार्डवेअरच्या दुकानांत दाराशीच आइस मेल्टच्या गोण्यांची थप्पी लागते. प्रत्येक गोणीवर ठळक अक्षरांत 'सेफ' लिहिलेलं. एकीवर जीभ बाहेर काढलेलं कुत्र्याचं पिल्लू, दुसरीवर हिरवं पान, तिसरीवर काँक्रीटचा कोरा करकरीत चौकोन. पिल्लूवाली गोणी काँक्रीटचं काय करते, ते पिल्लू सांगत नाही. पानवाली गोणी बर्फ वितळवते का, यावर पान गप्प. 'पेट सेफ', 'इको फ्रेंडली' या शब्दांना इथल्या कायद्यात ठरलेली व्याख्या नाही. ज्याला जे शोभेल ते त्याने छापावं. गोणी उलटी करून मागचं बारीक टायपातलं वाचलं, तर बऱ्याच गोण्यांत मुख्य माल एकच निघतो: सोडियम क्लोराइड. मीठ. त्यात चिमूटभर दुसरं काहीतरी, आणि निळा किंवा हिरवा रंग. रंग कशाला? तर टाकलंय ते दिसावं म्हणून, आणि मीठ आहे ते दिसू नये म्हणून.

एकट्यादुकट्या माणसाने यातली एक गोणी उचलावी, डिकीत टाकावी आणि घरी जावं. पण आमच्याकडे ही खरेदी मराठी मंडळाने करायची होती. मी मंडळाचा कार्यवाह, म्हणजे इतर बोलतात ते लिहून घेणारा. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्याला लेखी पुरावा आहे.

झालं असं, की संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मंडळाने एका चर्चचा हॉल भाड्याने घेतला. संक्रांत येते जानेवारीच्या मध्यावर, आणि इथली हाडं गोठवणारी थंडीही त्याच पंधरवड्याचा मुहूर्त धरते. हॉल उत्तम, स्वयंपाकघर प्रशस्त, पार्किंग भरपूर. फक्त आत जायला एक लांबलचक रॅम्प. इथे सार्वजनिक रॅम्पला नियम आहे, इंचभर चढायला निदान बारा इंच लांबी. व्हीलचेअरसाठी हा उतार सोयीचा, आणि त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की घसरायलाही तितकाच सोयीचा. दीडशे बायका काळ्या साड्या नेसून, हातात वाणाच्या पिशव्या घेऊन या उतारावरून वर जाणार. त्यात मुलीच्या बाळंतपणाला आलेल्या आया, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या सासवा. काळा रंग ऊब धरून ठेवतो असं आपण सांगत आलो. उणे 26 सेल्सियसला त्या रंगाने नेमकं काय धरायचं ते शास्त्रात नाही. तर रॅम्पवर टाकायला 'सेफ' असं काहीतरी आणावं, हा विषय क्रमांक चार. विषय एक ते तीन सात मिनिटांत संपले.

खजिनदार म्हणाले, "साधं रॉक सॉल्ट आणा. सगळा गाव तेच टाकतो."

गाव टाकतो हे खरंच. 1938 च्या सुमारास न्यू हॅम्पशायरने रस्त्यांवर मीठ टाकून पाहिलं, आणि त्यानंतर अमेरिकेला मिठाची अशी काही चटक लागली की आता वर्षाला कोट्यवधी टन रस्त्यांवर जातं. हे मीठ समुद्राकाठचं नव्हे, जमिनीच्या पोटातलं. कॅनडात गॉडरिच गावाशी ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली अर्धा किलोमीटर खोल खाण आहे, जगातली सगळ्यात मोठी मिठाची खाण. 1866 साली तिथे तेल शोधायला भोक पाडलं आणि मीठ लागलं. डेट्रॉइट शहराच्या खालीही अशीच खाण, वर मोटारींचे कारखाने आणि खाली त्या मोटारी गंजवणारा माल. एकाच गावात दोन्ही धंदे असल्यावर मंदी यायची कशी?

मीठ बर्फ वितळवतं कसं, हे आपल्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात गच्चीवर आइस्क्रीमचा पॉट फिरवलेल्या प्रत्येकाला ते मनगटापासून ठाऊक आहे: बर्फात खडेमीठ टाकलं की बर्फ पाणी होतो, आणि ते पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही. तिथे त्या गार पाण्याने दूध गोठवायचं, इथे त्याच पाण्याने वाट मोकळी करायची. पण पॉटवाल्याला जी मर्यादा जाणवत नाही ती इथे जाणवते. मिठाला विरघळायला थोडं तरी पाणी लागतं. साधारण उणे 9 च्या खाली बर्फाच्या पृष्ठावर ते मिळेनासं होतं आणि मीठ नुसतं बसून राहतं. खडे पांढरे, बर्फ पांढरा, आणि खर्च तेवढा दिसतो.

हा मुद्दा मांडला आमच्या केमिकलवाल्या काकांनी. हे माटुंग्याच्या यूडीसीटीचे. त्या संस्थेचं नाव बदलून आता आयसीटी झालं हे त्यांना मान्य नाही, त्यामुळे माझ्या इतिवृत्तातही यूडीसीटीच आहे. "कॅल्शियम क्लोराइड," ते म्हणाले, आणि खिशातून पुडी काढली. बैठकीला माणूस पुडी घेऊन येतो तेव्हा तयारी किती आहे ते कळतं. त्यांनी पेल्यातल्या पाण्यात पांढऱ्या गोळ्या टाकल्या आणि पेला सर्वांच्या हातातून फिरवला. पेला गरम. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना उष्णता सोडतं, हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं, आणि उणे 30 च्या आसपासही काम करतं. सभागृह थक्क. मग त्यांनीच, शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणे, पुढचं सांगितलं. हवेतलं पाणी ओढतं म्हणजे जास्त पडलं तर मागे ओशट, बुळबुळीत थर राहतो. बर्फ गेला तरी घसरायची सोय कायम. तो थर बुटांबरोबर आत येतो, गालिच्यावर डाग पाडतो, चामडं खराब करतो. उघडी गोणी गॅरेजमध्ये राहिली तर उन्हाळ्यात तिचा चिखल होतो. ओल्या हाताने घेऊ नये, हातमोजे घालावेत.

"आणि पैठणीला लागलं तर?" एक प्रश्न आला.

काका पहिल्यांदाच गप्प झाले. यूडीसीटीत पैठणी अभ्यासक्रमाला नव्हती.

मॅग्नेशियम क्लोराइड मधलं. उणे 15 पर्यंत चालतं, पानांना जरा कमी जाचक, म्हणून हिरव्या पानाची गोणी बहुधा हीच. याच मॅग्नेशियम क्लोराइडने जपानी लोक सोयाबीनच्या दुधाचं टोफू जमवतात. मात्र काँक्रीटमधल्या सिमेंटशी ते रासायनिक उखाळ्यापाखाळ्या काढतं, आणि सिमेंट हरतं.

इथे सिंबाची आई उठली. तिला स्वतःचं नाव आहे, पण मंडळात कोणाला आठवत नाही. सिंबा हा गोल्डन रिट्रीव्हर. हळदीकुंकवाला तो येत नाही, पण तत्त्वाचा प्रश्न होता. मिठाने कुत्र्याच्या पंजांना चिरा पडतात, झोंबतं, मग तो पंजे चाटतो आणि पोटात जास्त मीठ गेलं की उलट्या सुरू. हे अगदी खरं आहे. तिने युरियाची गोणी सुचवली. युरिया पंजांना तुलनेने सौम्य, लोखंडाला मिठाइतका गंजवत नाही.

मागच्या रांगेत एका सभासदाचे सासरे बसले होते, सांगलीकडचे, बारा एकर ऊस. सभेचा विषय त्यांना कोणी सांगितला नव्हता. ते ताडकन म्हणाले, "युरिया? वाटंवर? अवो, आमच्याकडं सोसायटीपुढं पहाटेपास्नं रांगा लागत्यात एका पोत्यासाठी, आन् तुमी बर्फावर फेकताय?"

सभेला एकदम भान आलं. भारतात 45 किलोचं युरियाचं पोतं सरकार सबसिडीवर 266 रुपये 50 पैशांना देतं, त्याचा दुसरीकडे वापर होऊ नये म्हणून 2015 पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावायची सक्ती केली, आणि इकडे तोच युरिया पिल्लाच्या चित्रासह बर्फावर. शिवाय त्यात 46 टक्के नत्र. वसंतात तो पाण्याबरोबर तळ्यात गेला की शेवाळाचं पीक असं तरारून येतं की सांगलीच्या उसाने खाली बघावं. आणि एवढं करून काम कुठवर? उणे 4. मिनिआपोलिसच्या जानेवारीत रात्रीचा पारा सरासरीनेच उणे 13 ला जातो. पोटॅशची, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची, तीच गत. ही दोन्ही खतं बर्फावर टाकून बर्फाचं पोषण तेवढं होईल.

पर्यावरणवाल्या ताईंकडे त्याहून उच्च कुळातलं औषध होतं: सीएमए. कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट. डोलोमाइटचा चुना आणि व्हिनेगरमधलं आम्ल यांच्या संयोगातून जन्मलेलं. यात क्लोराइड नाही, लोखंडाला गंज नाही, काँक्रीटशी भांडण नाही, झाडांना जाच नाही. अॅल्युमिनियमच्या किंवा लोखंडी रॅम्पवर टाकायला याच्याइतकं सभ्य काही नाही. हे बर्फ फारसा वितळवतही नाही. बर्फाला जमिनीला चिकटू देत नाही, मग फावड्याने भुसभुशीत बर्फ सहज निघतो. म्हणून आधीच टाकून ठेवावं लागतं. उणे 7 च्या खाली तेही हात टेकतं. आणि किंमत मिठाच्या वीसपट किंवा वर.

"म्हणजे सेफ आहे," खजिनदार म्हणाले. "तिजोरी सोडून सगळ्यांना."

मग चर्चा जशी उताराला लागायची तशी लागली. कोणीतरी सांगितलं की शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये चीज बनवून उरलेलं खारं पाणी रस्त्यावर वापरतात. मिलवॉकी शहराने 2013 साली ते करून पाहिलं होतं. न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीने काकडीच्या लोणच्याचा खार वापरला. साखरेच्या बीटचा रस तर अनेक गावांत मिठात मिसळतात, मीठ रस्त्याला धरून राहावं म्हणून. तो लाल नसतो, तपकिरी असतो आणि वास काकवीकडे झुकतो. हे ऐकताच घरोघरच्या कैरीच्या लोणच्याच्या खाराचा अंदाज काढायला सुरुवात झाली. तेल वेगळं कसं करायचं यावर दोन मतं पडली. मी इतिवृत्तात 'सूचनेची नोंद घेण्यात आली' एवढंच लिहिलं.

या सगळ्यात किती टाकायचं हे मात्र कोणी विचारत नव्हतं, आणि खरी गोम तिथेच आहे. मिनिआपोलिसमध्ये हिमवर्षाव थांबल्यापासून घरमालकाने 24 तासांत दारापुढची पायवाट साफ करायची असते. ती केली नाही तर दंड, आणि कोणी पडलं तर वकील. इथला पडलेला माणूस उठताना एका हाताने कठडा धरतो आणि दुसऱ्या हाताने फोन. त्या भीतीने लोक मीठ बादलीने ओततात. पायाखाली करकर वाजलं की त्यांना कायदेशीर वाटतं. राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं बिचारं घसा कोरडा करून सांगतं, की 12 औंसांचा कॉफीचा एक मग भरून मीठ 20 फुटांच्या ड्राइव्हवेला पुरतं. खड्याखड्यात तीन इंच अंतर राहिलं तरी चालतं. आधी फावडं मारा, मग मीठ टाका. फूटभर बर्फावर वरून टाकणं म्हणजे वितळवण्याचं काम आपण होऊन वाढवणं. आणि करकर वाजत असेल तर ते झाडून परत डब्यात भरा. एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ एकोणीस लिटर, पाणी माशांना नकोसं करतं, आणि ते मीठ पाण्यातून परत काढायचा स्वस्त उपाय नाही. मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या परिसरात टाकलेल्या मिठापैकी सुमारे 70 टक्के नदीबरोबर वाहून जात नाही, असं इथल्या विद्यापीठाने मोजलं. ते इथेच, तळ्यांत आणि जमिनीखालच्या पाण्यात मुरतं. दहा हजार तळ्यांचा प्रदेश म्हणून मोटारींच्या नंबरप्लेटवर मिरवणारं राज्य त्याच मोटारींसाठी तळी खारवतं आहे.

माझी आई शिरोड्याची. जिथे 1930 साली लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या गावची. सांडलेलं मीठ देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, यावर तिची पूर्ण श्रद्धा. पहिल्या हिवाळ्यात खिडकीतून तिने मीठ फेकत जाणारा ट्रक पाहिला आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ह्या लोकांका वयर किती काम असतला!"

रॅम्प बघायला आम्ही कार्यकारिणीसह गेलो, तेव्हा आईही आली. तिला हॉलचं स्वयंपाकघर बघायचं होतं. दोन दिवस थंडी जरा सैल होती. चर्चचे केअरटेकर आजोबा दार उघडून उभे. केमिकलवाले काका गुडघ्यावर बसून बर्फाची जाडी बघत होते, ताई माती बघत होत्या, खजिनदार हिशोबात. रॅम्पच्या खालच्या टोकाला आरशासारखा गुळगुळीत बर्फ, वरच्या भागात मात्र कोरडं ठाक. आईने वर बघितलं, खाली बघितलं आणि मला विचारलं, "ह्यां पाणी येता खंयसून?"

सगळ्यांनी वर बघितलं. छपराच्या पन्हळीचा पाइप नेमका रॅम्पच्या पायथ्याशी सोडलेला. दिवसा छपरावरचा बर्फ वितळायचा, पाइपातून थेंब थेंब खाली यायचा, रात्री गोठायचा. पुन्हा दिवस, पुन्हा थेंब. आम्ही त्यावर कितीही महागडं रसायन टाकलं असतं तरी छप्पर त्याला पुरून उरलं असतं. कोकणात पागोळ्यांचं पाणी दारात येऊ देत नाहीत, अंगणाचा उतार काढून बाहेर घालवतात. आईला ते सांगायची गरजही वाटली नव्हती. आजोबांनी तळघरातून पाइपचं वाकडं कोपर आणि एक लांब तुकडा आणला, पाइप हिरवळीकडे वळवला. एवढ्या कामाला कार्यकारिणीचा ठराव लागला नाही, याची काही सभासदांना चुटपुट लागली.

मग आजोबांनी सहज विचारलं, तुम्ही टाकणार काय आहात? काकांनी कॅल्शियम क्लोराइडपासून सुरुवात केली. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा रॅम्प सप्टेंबरात ओतला आहे. पहिला हिवाळा नव्या काँक्रीटवर यातलं काहीच नको. कोवळं काँक्रीट पाणी पितं. मीठ पडलं की बर्फ दिवसातून अनेकदा वितळतो आणि गोठतो, आणि वरचा थर खपल्यांसारखा निघतो. "फावडं मारा," ते म्हणाले, "आणि वाळू टाका."

वाळू! यादीत ती कुठेच नव्हती, कारण तिच्या गोणीवर 'सेफ' असं लिहिलेलं नसतं. वाळू काहीच वितळवत नाही. उणे 4 असो की उणे 40, ती आपली पडून राहते आणि बुटाला धरते. विरघळत नाही म्हणून तळ्यांत मीठ वाढत नाही. गटारात मात्र साचते, म्हणून वसंतात झाडून काढावी लागते. पंजांना झोंबत नाही. किंमत क्षुल्लक. खजिनदारांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी ऑडिट संपल्यावरही पाहिला नव्हता. तो फार टिकला नाही, कारण सवलत होती म्हणून त्यांनी आदल्याच आठवड्यात रॉक सॉल्टच्या सहा गोण्या घेऊन ठेवल्या होत्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी पारा उणे 26. पायथ्याचा आरसा नाहीसा झालेला. रात्रीचा दोन बोटं हिमाचा थर पोरांनी फावड्याने काढला, आजोबांनी बादलीतली वाळू पेरली. दाराशी मोठी चटई. दीडशे बायका, बुटांत खोचलेल्या काळ्या साड्या, वरून गुडघ्यापर्यंतचे कोट, इथे शिकवतात तशी पेंग्विनची चाल, पाय फाकून, पावलं आखूड, हात मोकळे. हात मोकळे कुठले, वाणाच्या पिशव्या होत्याच. कोणी पडलं नाही. सिंबाची आई तर सिंबालाही घेऊन आली होती, रॅम्प सेफ आहे हे दाखवायला.

वाळू मात्र आत आली. चटईला दाद न देता आली. साड्यांच्या काठांना आली, तिळगुळाच्या ताटाखाली आली, चर्चच्या लाकडी फरशीवर संध्याकाळपर्यंत तिची चौपाटी झाली. निघताना हॉल होता तसा करून द्यायचा हे करारात होतं, आणि व्हॅक्यूम आणायचं कोणाच्या यादीत नव्हतं. पुरुष मंडळी गाड्या गरम करायच्या निमित्ताने बाहेर पडली. आत खजिनदार केरसुणी घेऊन आणि मी सुपली घेऊन, असे दोघेच राहिलो.

त्या सहा गोण्या त्यांच्या गॅरेजमध्ये आहेत. पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर विषय क्रमांक चार तोच आहे, पण एका सूचनेची भर पडली आहे. ती आईच्या नावावर आहे: गोण्यांतलं मीठ खायच्या लायकीचं आहे का ते आधी बघावं, आणि असेल तर उन्हाळ्यात कैऱ्या आणाव्यात.